सामायिक मेमरी, कर्नल कोड आणि कंपाइलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलमध्ये लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी सोय) न घेता वापरल्या जाणाऱ्या सामायिक मेमरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मॅक्रो आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. रीड_वन्स आणि राइट_वन्स ही मॅक्रो सोर्समध्ये कॅपिटल अक्षरांत सापडतील. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे एक मुद्दा दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी लिहिलेला कोड कंपाइलर जसाच्या तसा का ठेवत नाही?

कारण तशी हमी त्याने कधी दिलेलीच नसते. प्रोग्रॅमचा बाहेरून दिसणारा परिणाम तुमच्या कोडशी जुळला पाहिजे, एवढंच त्याच्यावर बंधन असतं. तिथपर्यंत कोणत्या वाटेने जायचं ते तो ठरवतो. हा हिशेब करताना तो धरून चालतो की साध्या व्हेरिएबलला हात लावणारा थ्रेड एकच आहे. दुसरा सीपीयू, त्याच सीपीयूवर मध्येच येणारा इंटरप्ट, प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं) यांतलं काहीही त्याला दिसत नाही. सी भाषेच्या सी११ प्रमाणानुसार तर दोन थ्रेडनी एकाच जागेला कोणताही क्रम न बांधता हात लावला, त्यात निदान एक लेखन असलं आणि निदान एक प्रवेश (वाचन किंवा लेखन) अ‍ॅटॉमिक (मध्ये न तुटणारा) नसला, की ती डेटा रेस ठरते आणि पुढे काय होईल याची भाषा कोणतीच जबाबदारी घेत नाही.

कर्नलच्या बिल्डमध्ये काही धोकादायक ऑप्टिमायझेशन आधीच बंद केलेली असतात: प्रकारांवरून अलायझिंगचे (दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवतात का याचे) अंदाज बांधणं, नल पॉइंटरच्या तपासण्या गाळणं, मुळात नसलेली लेखनं घुसडणं. पण ‘हे व्हेरिएबल एकदाच आणि सलग वाच’ असं सगळ्या कोडला एकदम सांगणारा फ्लॅग नाही. ते प्रत्येक जागी आपल्यालाच लिहावं लागतं.

२. प्रत्यक्षात काय काय बिघडू शकतं?

बरंच काही. सगळ्यात जास्त सापडतो तो लूपमधून वाचन बाहेर काढण्याचा प्रकार:

```
व्हाइल (!थांब)
        काम_कर();
```

‘काम_कर’ इनलाइन झालं (त्याचा कोड इथेच उतरवला गेला) आणि त्यात ‘थांब’ला कोणी शिवत नाही हे कंपाइलरला दिसलं, की त्याचं असं होऊ शकतं:

```
इफ (!थांब)
        फॉर (;;)
                काम_कर();
```

दुसऱ्या सीपीयूने ‘थांब’ १ केलं तरी हा लूप आता कधीच संपणार नाही.

याच्या उलट चूक म्हणजे एकदाच लिहिलेलं वाचन दोनदा होणं. तुम्ही सामायिक पॉइंटर स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेतला, नल नाही ना ते पाहिलं आणि मग तो वापरला. रजिस्टर (सीपीयूच्या आतल्या मोजक्या जागा) कमी पडले तर कंपाइलर स्थानिक प्रत स्टॅकवर ठेवण्याऐवजी मूळ जागेवरून पुन्हा वाचू शकतो. तपासणीच्या वेळी पॉइंटर ठीक होता, वापराच्या वेळी नल झाला. क्रॅशचा अहवाल वाचणारा मग डोकं खाजवत बसतो, कारण सोर्समध्ये तर वरच तपासणी दिसते आहे. पुरेसे रजिस्टर असलेल्या आर्किटेक्चरवर हा दोष वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि त्या फंक्शनमध्ये दोन ओळी वाढल्या की जागा होतो.

तिसरा प्रकार मूल्य फाटण्याचा. ३२ बिटांचा स्थिरांक लिहायला १६ बिटांच्या दोन इन्स्ट्रक्शन स्वस्त पडत असतील तर कंपाइलर त्या वापरू शकतो. मधल्या क्षणी वाचणाऱ्याला अर्धं जुनं, अर्धं नवं मूल्य मिळतं. पॅक्ड (मधे मोकळी जागा न सोडता भरलेल्या) स्ट्रक्चरमधल्या सदस्यांच्या बाबतीत ही भीती जास्त.

चौथा प्रकार शाखांचा:

```
इफ (अ)
        ब = अ;
एल्स
        ब = ४२;
```

एक शाखा वाचवण्यासाठी याचं ‘आधी ब = ४२; मग अ शून्य नसेल तर ब = अ’ असं करणं एका थ्रेडपुरतं अगदी बरोबर आहे. पण ‘अ’ शून्य नसतानाही दुसऱ्या सीपीयूला क्षणभर ४२ दिसू शकतं. याशिवाय लागोपाठच्या दोन लेखनांतलं पहिलं गाळणं आणि असंबंधित वाटणाऱ्या प्रवेशांची अदलाबदल करणं हे तर रोजचंच आहे.

३. रीड_वन्स आणि राइट_वन्स नेमकं करतात काय?

त्या एका प्रवेशापुरतं व्हेरिएबल व्होलाटाइल (कधीही बाहेरून बदलू शकणारं) असल्याचं कंपाइलरला सांगतात. त्यामुळे तो प्रवेश गाळता येत नाही, दोनदा करता येत नाही, दुसऱ्या तशाच प्रवेशाच्या पुढेमागे नेता येत नाही. मशीन वर्डएवढं (सीपीयू एका वेळी हाताळतो तेवढं) किंवा त्याहून लहान, नीट अलाइन केलेलं (आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवलेलं) मूल्य असेल तर ते न फाटता एका झटक्यात वाचलं किंवा लिहिलं जातं.

जुन्या कोडमध्ये अ‍ॅक्सेस_वन्स दिसेल. जीसीसी या कंपाइलरच्या ४.६ आणि ४.७ आवृत्त्यांमध्ये स्ट्रक्चर किंवा युनियनवर ते वापरल्यास व्होलाटाइलची खूण हरवू शकत होती. म्हणून कर्नलच्या ३.१९ आवृत्तीत रीड_वन्स आलं आणि ४.१५ मध्ये अ‍ॅक्सेस_वन्स कायमचं काढलं. जुना पॅच कर्नलच्या नव्या सोर्सवर नेताना याचं भान ठेवा. नवी मॅक्रो आकारही तपासतात: कॅरेक्टर (char), शॉर्ट, इंट, लाँग आणि लाँग लाँग एवढे आकार चालतात, त्याबाहेर कंपाइलच होत नाही. (३२ बिटांच्या यंत्रावरच्या लाँग लाँगसाठी प्रश्न १० पाहा.)

४. मग व्हेरिएबलच व्होलाटाइल म्हणून जाहीर केलं तर?

करू नका. धोका डेटामध्ये नसतो, त्या डेटाला कुठे आणि कसा हात लावला जातो त्यात असतो. तेच व्हेरिएबल लॉकच्या आत वापरताना कंपाइलरला मोकळीक असायला हवी, कारण तिथे दुसरं कोणी येणारच नाही. जाहीर करतानाच व्होलाटाइल म्हटलं तर प्रत्येक वापर मंदावतो आणि वाचणाऱ्याला खरी धोक्याची जागा कोणती ते कळत नाही. रीड_वन्स लिहिलेली ओळ मात्र स्वतःच सांगते की इथे लॉक नाही, सांभाळा. पॅच तपासणाऱ्याला यापेक्षा मोलाची माहिती दुसरी नाही.

‘जिफीज’ (घड्याळाच्या टिकटिकांची कर्नलमधली मोजणी) हा माहीत असलेला अपवाद. तो ऐतिहासिक कारणाने तसा आहे. नव्या कोडने त्याचा दाखला देऊ नये.

५. कुठे लिहायचं आणि कुठे नाही, याचा काही नियम?

आधी स्वतःला विचारा: या प्रवेशाच्या त्याच क्षणी दुसरं कोणी इथे लिहू शकतं का? किंवा मी लिहीत असताना कोणी वाचू शकतं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर साधा प्रवेशच योग्य.

वाचन आणि लेखन दोन्ही नेहमी एकाच लॉकखाली होत असतील तर काहीच नको. लेखन लॉकखाली पण काही वाचनं लॉकशिवाय, ही मांडणी सगळ्यात जास्त भेटते आणि चुकाही इथेच होतात. लॉकशिवायच्या वाचनाला रीड_वन्स लागतं, हे बहुतेकांना आठवतं. लॉकखालच्या लेखनालाही राइट_वन्स लागतं, हे विसरलं जातं, कारण लॉक वाचणाऱ्याला थांबवत नाही. त्याच लॉकखाली केलेलं वाचन मात्र साधं ठेवा. तिथे रीड_वन्स लिहिलं तर पुढच्याला वाटेल की लॉक न घेताही कोणी लिहितं.

ऑब्जेक्ट अजून कोणाला दिसलेलाच नाही तोवर त्याचे सदस्य भरताना खुणा नकोत. तो प्रकाशित करणारं लेखन मात्र महत्त्वाचं, त्यासाठी प्रश्न ७ आणि १२.

इंटरप्ट हँडलर आणि त्याच सीपीयूवरचा साधा कोड एवढ्यातच देवाणघेवाण असेल तर रीड_वन्स आणि राइट_वन्स पुरतात. सीपीयूचे बॅरिअर (प्रवेशांचा क्रम राखणाऱ्या इन्स्ट्रक्शन) लागत नाहीत, कारण प्रत्येक सीपीयूला स्वतःची लेखनं क्रमानेच दिसतात.

६. बॅरिअर() आणि रीड_वन्स यात फरक काय? एकाने काम भागत नाही का?

बॅरिअर() ही रिकामी असेम्ब्ली आहे. ती कंपाइलरला सांगते की इथे सगळी मेमरी बदललेली असू शकते. तिच्या पलीकडे रजिस्टरमधली जुनी मूल्यं चालत नाहीत आणि प्रवेश तिला ओलांडून हलवता येत नाहीत. पण ती ओळीच्या आतलं काही थांबवत नाही: मूल्य फाटणं किंवा दोन बॅरिअरच्या मधल्या भागात दोनदा वाचणं तसंच राहतं. शिवाय ती सगळ्याच व्हेरिएबलांना लागू होते, म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांनाही पुन्हा वाचायला लावते.

वाट पाहणाऱ्या लूपमध्ये सीपीयू_रिलॅक्स() असतं आणि त्यात कंपाइलर बॅरिअर असतो, म्हणून साधं वाचनही बहुधा चालून जातं. तरीही अट रीड_वन्सने वाचा. त्याहून चांगलं म्हणजे एसएमपी_कॉन्ड_लोड_अक्वायर(). एआरएम६४ सीपीयूवर ते नुसतं फिरत बसत नाही, त्या जागेवर लेखन होईपर्यंत सीपीयूला विसावू देतं.

७. आधी डेटा लिहिला, मग राइट_वन्सने ‘तयार’ची खूण १ केली. तरी दुसऱ्या बाजूला जुना डेटा का दिसतो?

या पानावरचा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. राइट_वन्स फक्त स्वतःच्या प्रवेशाची काळजी घेतं. त्याच्या आधीचं साधं लेखन कंपाइलर त्याच्या पुढे नेऊ शकतो, कारण व्होलाटाइलचा क्रम फक्त दुसऱ्या व्होलाटाइलशी पाळला जातो. डेटाही राइट_वन्सने लिहिला तर कंपाइलर क्रम राखेल, पण सीपीयू राखेलच असं नाही. एआरएम६४ किंवा पॉवर या सीपीयूंवर दोन वेगळ्या जागांची लेखनं दुसऱ्या सीपीयूला उलट्या क्रमाने दिसू शकतात. वाचणाऱ्या बाजूलाही हीच अडचण.

उपाय जोडीने करायचा. रिलीज म्हणजे आधीचं सगळं या लेखनाच्या आधीच, अक्वायर म्हणजे पुढचं सगळं या वाचनानंतरच:

```
लिहिणारा:
        डेटा = ४२;
        एसएमपी_स्टोअर_रिलीज(&तयार, १);

वाचणारा:
        इफ (एसएमपी_लोड_अक्वायर(&तयार))
                वापर(डेटा);
```

एकाच बाजूला दुरुस्ती केली तर काहीही सुधारत नाही. जोडीतल्या प्रत्येक टोकावर दुसरं टोक कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते सांगणारी टिप्पणी हवीच. ती नसेल तर पॅच परत पाठवला जाणं योग्यच आहे.

‘एक्स८६ वर तर चालतं’ हे उत्तर नव्हे. एक्स८६ ची सीपीयू लेखनांचा क्रम पाळते, पण कंपाइलर तिथेही तोच असतो. तिथे रिलीज आणि अक्वायर यांना वेगळी इन्स्ट्रक्शन लागत नाही, म्हणजे ती लिहिण्याचा तोटाही नाही.

८. राइट_वन्स(मोजणी, रीड_वन्स(मोजणी) + १) हे अ‍ॅटॉमिक आहे का?

नाही. वाचन न फाटता होतं, लेखनही होतं, पण मध्ये दुसऱ्याने केलेली वाढ पुसली जाते. एकच लिहिणारा आणि बाकी वाचणारे असतील तरच हे चालेल. नाहीतर अ‍ॅटॉमिक_इन्क() किंवा प्रत्येक सीपीयूची वेगळी मोजणी. नेमक्या आकड्याची गरज नसलेल्या आकडेवारीतही हा मार्ग मुद्दाम निवडल्याचं टिप्पणीत लिहा.

९. रीड_वन्स(पी->क्यू->आर) लिहिलं की तिन्ही वाचनं सुरक्षित झाली ना?

फक्त शेवटचं. ‘पी’ सामायिक असेल तर ते साधंच वाचलं गेलं, आणि पी->क्यू सुद्धा. बदलू शकणारी प्रत्येक पायरी वेगळी घ्या: आधी पी एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये, मग त्यातून क्यू, मग आर. दिसायला लांबलचक होतं, पण कोणती पायरी हलती आहे ते स्पष्ट होतं.

१०. ६४ बिटांची मूल्यं, स्ट्रक्चर आणि बिटफील्ड यांचं काय?

३२ बिटांच्या कर्नलमध्ये ६४ बिटांवर रीड_वन्स कंपाइल होतं आणि तिथेच फसगत होते. काही यंत्रं वगळता ते दोन वाचनांत तुटतं. आकडेवारीसाठी यू६४_स्टॅट्स_सिंक, एकेका मूल्यासाठी अ‍ॅटॉमिक६४_टी आणि एकत्र बदलणाऱ्या अनेक मूल्यांसाठी सेकलॉक (मध्येच बदल झाला तर वाचणाऱ्याला पुन्हा वाचायला लावणारं लॉक) वापरा. मेमसीपीवाय() किती आकाराच्या तुकड्यांत नक्कल करेल याची हमी नाही, म्हणून ते यावर उतारा नाही.

बिटफील्डचा (मोजक्या बिटांच्या सदस्याचा) पत्ता घेता येत नाही, त्यामुळे रीड_वन्स तिथे कंपाइलच होत नाही. पण खरा धोका लिहिण्यात आहे. एक बिट बदलायला कंपाइलर शेजारच्या फील्डसकट अख्खा शब्द वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. दोन शेजारी फील्ड दोन वेगळ्या लॉकखाली असतील तर एकाचा बदल दुसरा गिळतो. शेजारी राहणाऱ्या सगळ्या बिटफील्डना एकच लॉक द्या, नाहीतर अनसाइन्ड लाँगवर सेट_बिट() आणि टेस्ट_बिट() वापरा. आधी दोन अंडरस्कोर असलेलं __सेट_बिट() अ‍ॅटॉमिक नसतं. ते लॉकच्या आतच वापरायचं.

११. ‘इफ’च्या अटीमुळे क्रम आपोआप राखला जातो म्हणतात. त्यावर भिस्त ठेवू का?

रीड_वन्सने वाचलेल्या मूल्यावर अट आणि तिच्या आत राइट_वन्स, एवढ्यापुरता सीपीयू क्रम राखतो. अटीच्या आतल्या वाचनाला हा नियम लागू नाही, कारण सीपीयू अंदाजाने पुढचं वाचून ठेवू शकते.

आणि कंपाइलर हे अवलंबित्व सहज तोडतो. दोन्ही शाखांत तेच मूल्य त्याच जागी लिहिलं असेल तर ते लेखन तो अटीच्या वर काढतो. दोन्ही शाखांच्या सुरुवातीला बॅरिअर() ठेवूनही सुटका नाही, तो बॅरिअरसकट वर जातो. अट ‘अ % कमाल’ अशी असेल आणि एखाद्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘कमाल’ १ असेल, तर उत्तर नेहमी शून्य येतं आणि अटच नाहीशी होते. अगदी तापलेल्या मार्गावर मोजून सिद्ध झालेला फायदा नसेल तर सरळ अक्वायर वापरा.

१२. आरसीयूच्या पॉइंटरसाठी रीड_वन्स का नाही चालत?

आरसीयू ही वाचणाऱ्यांना लॉकशिवाय वाचू देणारी कर्नलची सोय. तिचं आरसीयू_डीरेफरन्स() आतून तेच करतं, पण त्याच्याबरोबर स्पार्स या कोड तपासनिसाची प्रकार तपासणी आणि लॉकडेप या लॉक तपासनिसाची ‘तुम्ही खरंच आरसीयू वाचन विभागात आहात ना’ ही तपासणी मिळते. लिहिताना आरसीयू_असाइन_पॉइंटर() रिलीज क्रम देतं. तो राइट_वन्समध्ये नाही.

पॉइंटर वाचून त्यातून डेटा वाचणं या पत्त्याच्या अवलंबित्वाला अल्फा या सीपीयूचा अपवाद होता. ४.१५ पासून अल्फावरचं रीड_वन्स स्वतःच लागणारा बॅरिअर घालतं. एआरएम६४ वर लिंक टाइम ऑप्टिमायझेशन सुरू असेल तर ५.११ पासून रीड_वन्स अक्वायर इन्स्ट्रक्शन वापरतं, कारण पूर्ण प्रोग्रॅम दिसणारा कंपाइलर पत्त्याचं अवलंबित्व अटीत बदलून टाकण्याचा धोका असतो. वाचलेला पॉइंटर एखाद्या ठरावीक व्हेरिएबलच्या पत्त्याशी ताडून पाहून मग वापरू नका. दोन्ही सारखे आहेत हे कळलं की कंपाइलर तो ठरावीक पत्ताच वापरतो आणि अवलंबित्व तुटतं.

१३. समोरचा अविश्वासू असेल, म्हणजे गेस्ट व्हर्च्युअल मशीन किंवा यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम), तर?

इथे चूक महागात पडते, कारण समोरचा मुद्दाम वेळ साधतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेनच्या एक्सएसए-१५५ या सुरक्षा सूचनेत, डिसेंबर २०१५ मध्ये, हाच मुद्दा होता. बॅकएंड ड्रायव्हर गेस्टबरोबरच्या सामायिक रिंगमधली (विनंत्यांच्या रांगेतली) विनंती थेट वापरत होते. सोर्समध्ये वाचन एकदाच दिसत होतं, कंपाइलरने मात्र ते दोनदा केलं. एका स्विचमध्ये मर्यादेची तपासणी एका वाचनावर आणि जंप टेबलमधली उडी दुसऱ्या वाचनावर, असं घडलं की गेस्टला मधल्या क्षणी आकडा बदलून हवी तिथे उडी मारायला लावता येते.

नियम कडक ठेवा: आधी संपूर्ण विनंती खासगी मेमरीत एकदाच उतरवा, कंपाइलर बॅरिअर घाला, मग फक्त त्या प्रतीवर तपासणी आणि काम करा. यूजरस्पेससाठी कॉपी_फ्रॉम_यूजर() किंवा गेट_यूजर() एकदाच. शीर्षातली लांबी वाचून तपासली आणि मग शीर्षासकट सगळं पुन्हा आणलं, तर लांबी पुन्हा तपासा किंवा पहिलीच कायम धरा.

१४. डिव्हाइसचे रजिस्टर रीड_वन्सने वाचू का?

नाही. त्यासाठी रीडएल() आणि राइटएल() आहेत. एन्डियन (बाइटांचा क्रम) आणि बसवरचा क्रम तेच सांभाळतात. डीएमएच्या (डिव्हाइसने थेट मेमरी वापरण्याच्या) कोहेरंट मेमरीतल्या डिस्क्रिप्टरची मालकीची खूण मात्र रीड_वन्सने वाचा, मग डीएमए_आरएमबी(), मग बाकीचे सदस्य.

१५. केसीसॅनने डेटा रेस दाखवली. रीड_वन्स लावलं की तक्रार गेली. काम झालं?

तक्रार गेली, दोष कदाचित तसाच आहे. केसीसॅन, म्हणजे ५.८ मध्ये आलेला रेस शोधक, एखाद्या प्रवेशावर पाळत ठेवून थोडा थांबतो आणि त्या वेळात दुसरा कोणी तिथे येतो का ते पाहतो. मूळ सेटिंगमध्ये हा थांबा साध्या टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंद आणि इंटरप्टमध्ये २० असतो. रेस कशामुळे आहे हे त्याला कळत नाही. लॉक घ्यायचं राहिलं असेल तर रीड_वन्स लावून तुम्ही धूर दिसू नये म्हणून खिडकी बंद केली आहे.

आधी ठरवा, हे व्हेरिएबल लॉकशिवाय वाचायचं असं डिझाइन आहे का? असेल तर खूण करा आणि जुनं मूल्य मिळालं तरी का चालेल ते लिहा. नसेल तर लॉक लावा. निव्वळ निदानासाठी छापायचं मूल्य चुकलं तरी चालत असेल तर डेटा_रेस() आहे. ते फक्त केसीसॅनला गप्प करतं, कंपाइलरला काहीही सांगत नाही.

आणखी एक खाच: मूळ सेटिंगमध्ये केसीसॅन वर्डएवढी अलाइन केलेली साधी लेखनं अ‍ॅटॉमिक धरतो. त्यामुळे विसरलेलं राइट_वन्स दिसत नाही. नवा लॉकमुक्त कोड तपासताना त्याचं स्ट्रिक्ट कॉन्फिगरेशन सुरू करा.

१६. प्रिंटके टाकलं की बग गायब होतो. मग शोधायचा कसा?

तो गायब होतो हाच एक पुरावा आहे. प्रिंटके हे संदेश छापणारं बाहेरचं फंक्शन आहे. त्याच्या आत काय होतं ते कंपाइलरला दिसत नाही, म्हणून ग्लोबल मूल्यं त्याला पुन्हा वाचावीच लागतात. त्यातून वेळेचं गणितही बदलतं.

असेम्ब्ली पाहा. ‘मेक’ला फाइलचा मार्ग .सी ऐवजी .एस शेवट देऊन दिला की त्या एकाच फाइलची असेम्ब्ली मिळते. संशयित व्हेरिएबलचं वाचन लूपच्या आत आहे की वर, एकदा आहे की दोनदा, एवढंच मोजा. मात्र असेम्ब्ली ठीक दिसली म्हणून कोड ठीक ठरत नाही. उद्याचा कंपाइलर, दुसरं आर्किटेक्चर किंवा दुसरं कॉन्फिगरेशन वेगळं काढेल.

सीपीयूच्या क्रमाचा प्रश्न असेल तर छोटी लिटमस चाचणी (काही थ्रेडचा नमुना प्रोग्रॅम) लिहा. कर्नलचं औपचारिक मेमरी मॉडेल ४.१७ पासून टूल्सच्या मेमरी-मॉडेल फोल्डरमध्ये आहे आणि हर्ड७ हे साधन त्यावर शक्य ते सगळे शेवट काढून दाखवतं. दोन थ्रेड आणि चार-पाच प्रवेश एवढ्यातच बहुतेक शंका मावतात.

१७. हे सगळीकडे लावल्याने कर्नल मंद होत नाही का?

रीड_वन्स म्हणजे शेवटी एक साधं लोड. खर्च होतो तो गाळता येण्याजोगं वाचन गाळता न आल्याचा, आणि कधी कधी जीसीसी व्होलाटाइल वाचन गणिताच्या इन्स्ट्रक्शनमध्ये मिसळत नाही त्याचा. बहुतेक जागी हे मोजमापातही दिसत नाही. दिसलंच तर मूल्य लूपच्या आधी एकदा स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि पुढे तेच वापरा, अर्थात लूप चालू असताना ते मूल्य जुनं झालं तरी चालत असेल तर.